राबातली कर्दळ

काल दुपारी आमच्या वाडीत यंदाचा पहिला राब पेटला आणि मी अंगणात वाळत घातलेले कपडे गोळा करायला धावले. दरवर्षी धावते आणि दरवर्षी उशीर होतो. मग चार दिवस उशांच्या अभ्र्यांना, टॉवेलांना, बालवाडीत नेसून जायच्या साडीला एकच वास येत राहतो. जळक्या पातेऱ्याचा, शेणाचा आणि मध्येच ऐनाच्या अर्धओल्या डहाळीचा तुरट वास. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली. लग्न होऊन पोलादपूरच्या ह्या डोंगरात आले तेव्हा पहिली काही वर्षं मला हा वास अगदी नकोसा व्हायचा. आता फाल्गुन लागला आणि तो आला नाही, तर मलाच कुठेतरी चुकल्यासारखं होईल.

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची रोपं जिथे वाढवायची तो शेताचा तुकडा म्हणजे दाढ. घरच्या साऱ्या जमिनीतला सगळ्यात लाडका तुकडा. उन्हं तापायला लागली की त्या दाढीवर शेण पसरायचं, त्यावर रानातून तोडून आणून वाळवलेल्या डहाळ्या रचायच्या, त्यावर झाडांखालचा पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, वरून भुसभुशीत माती. मग वारा पडलेला बघून, वाऱ्याच्या उलट बाजूने, काडी लावायची. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. शेतीखात्याची माणसं येऊन सांगतात की राब भाजू नका, त्यापेक्षा अमुक करा, तमुक करा. माझे सासरे, आबा, त्यांचं सगळं नीट ऐकून घेतात, त्यांना चहा देतात, रस्त्यापर्यंत पोचवायला जातात आणि दुसऱ्या दिवशी आमचा राब पेटतो.

पण मला राबाचा वास आला की भात आठवत नाही. मला सांडपाणी आठवतं.

कोणी नाक मुरडलं असेल तर खुशाल मुरडावं. ललित लेखात प्राजक्त चालतो, केवडा चालतो, मग मोरीनं काय घोडं मारलं आहे? माझ्या आयुष्यातला एक अख्खा हंगाम मी सांडपाण्याचा विचार करण्यात घालवला, आणि तो इतका मजेत गेला की अजून आठवला तरी हसू येतं.

त्याच्या आधीची गोष्ट अशी. आमच्या वाडीला नळ आले. त्यापूर्वी बायका ओहोळावर धुणी न्यायच्या, डोक्यावरून हंडे आणायच्या. नळ आले आणि घरोघरी मोरी झाली. मोरीची न्हाणीघरं झाली, न्हाणीघरांना फरशा बसल्या. मुंबईच्या मुलांनी आयांसाठी कपडे धुण्याची यंत्रंसुद्धा आणली, ती वर चढवताना सगळी वाडी हात लावायला धावली. पाणी यावं म्हणून आम्ही देवळात किती सभा घेतल्या त्याला सुमार नाही. ते जावं कुठे, ह्यासाठी एकही घेतली नाही. पाण्याने आपला आपण रस्ता शोधला. घरामागच्या केळींतून, फणसाखालून, प्रत्येक मोरीतून निघालेली करडी ओघळ पुढच्या ओघळीला मिळत गेली आणि डोंगरातलं पाणी जिथे जाणार तिथे, म्हणजे उताराला गेली. आमच्या उताराला खालची वाडी आहे. तिच्या डोक्यावर उंबराच्या झाडाखाली एक झरा आहे. खालच्या वाडीलाही नळ आहेत, पण प्यायला त्यांना झरा लागतो. नळाच्या पाण्याने तहान भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. पाहुण्याला नळाचं पाणी दिलं तर ते दिल्यासारखं धरत नाहीत.

आणि खालच्या वाडीत वन्सं दिलेल्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, वत्सला. आबांची वच्छी.

वन्सं आठवड्यातून एकदा तरी वर यायच्याच. चढण अशी की आल्या आल्या पडवीच्या खांबाला टेकून त्यांना आधी श्वास घ्यावा लागे, आणि तोवर मी तांब्या-भांडं घेऊन पुढे. एका उन्हाळ्यात त्या अशाच आल्या, मी तांब्या पुढे केला आणि त्यांनी हाताने बाजूला सारला.

"नको गो, नंदा."

"का? बरं वाटत नाही का?"

"बरी हाय. आमच्या झऱ्याला फेस येतोय साबनाचा. सकाळी हंडा बुडवला, वर फेस. तुमच्या मोऱ्या आमच्या झऱ्यात उतरल्यात. तो गोडा होईल तवा मी ह्या घरचं पानी पिईन. तवर नाय."

आवाज चढलेला नव्हता. भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं तितक्या सहज त्या बोलल्या. आबा पडवीत दोरी वळत बसले होते, त्यांचा हात थांबला. मग त्यांनी परत वळायला सुरुवात केली, पण त्या दोरीला जो पीळ पडला तो उलटा होता आणि संध्याकाळी ती त्यांना सगळी सोडावी लागली.

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या, पुढच्या खेपेला विसरतील. मी वन्संना ओळखत नव्हते. त्यांनी येणं थांबवलं नाही, बोलणं थांबवलं नाही, माझ्या फोडणीला नावं ठेवणंही थांबवलं नाही. फक्त पाणी प्यायच्या नाहीत. मग आमच्या दोघींत एक गमतीचा वाद सुरू झाला, की पाणी म्हणजे नेमकं काय काय. चहा पाणीच की, त्या म्हणाल्या. मी नुसत्या दुधाचा चहा केला. त्यांनी कप नाकाशी नेला, हसल्या आणि म्हणाल्या, "म्हशीला पानी कुठलं पाजतेस?" भाकरीचं पीठ पाण्यात भिजतं म्हणून भाकरी बाद. शेवटी भाजलेले काजू, भाजलेली वालपापडी, महाडच्या बाजारातून आणलेले पापड असल्या कोरड्या गोष्टींवर आमचं माहेरपण चाललं. मी हसायचे, पण त्या उन्हात उतरून जाताना पाठमोऱ्या दिसल्या की मला फार वाईट वाटायचं. आबा तर त्या यायच्या दिवशी पडवीत बसेनासेच झाले. कोरड्या तोंडाने आलेली लेक कोरड्या तोंडाने जाते, हे त्यांना बघवत नसे. गोठ्यात काहीतरी काम काढून बसायचे.

तो पावसाळा सरत असताना तालुक्याहून एक मॅडम आल्या. महाडला राहणाऱ्या, दुचाकीवरून हिंडणाऱ्या, सांडपाण्याविषयी लग्नघरातल्या उत्साहाने बोलणाऱ्या. देवळात सभा झाली. त्यांनी फरशीवर खडूने चित्र काढलं. सगळ्या मोऱ्यांचं पाणी पाइपातून आधी एका टाक्यात, तिथे गाळ तळाला बसेल, तेलकट वर तरंगेल. मधलं पाणी पुढे एका वाफ्यात. वाफ्याच्या तळाला जाड प्लास्टिक, त्यावर खडी, खडीत कर्दळीची झाडं. पाणी वर दिसणारच नाही, खडीच्या आतून सावकाश सरकत जाईल. कर्दळीच्या मुळांशी आणि खडीला चिकटून डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते घाण खातात. दुसऱ्या टोकाला पाणी निघेल ते केळींना सोडा.

"म्हंजे फुलझाडं आमच्या मोरीचं पानी पिनार?" मागून एकीने विचारलं.

"पिणार आणि वर फुलणार," मॅडम म्हणाल्या.

सगळं पटलं. मग प्रश्न आला, वाफा कुठे करायचा. सगळ्या ओघळी जिथे एक होतात तिथेच तो हवा, आणि तिथे आमची दाढ होती. आबांची दाढ. त्यांच्या वडिलांनी भाजलेली, त्यांनी जन्मभर भाजलेली. आमच्याकडे माणूस शेत देईल एक वेळ, दाढ देत नाही. मी आबांकडे बघायचं टाळलं. त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं, म्हणाले, "घ्या," आणि थुंकायला बाहेर गेले. परत आलेच नाहीत. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

भातं कापून झाली आणि काम सुरू झालं. त्या दिवसांतली सगळ्यात लख्ख आठवण कोणती म्हणाल तर दगड धुण्याची. खडी धुऊन घातली नाही तर तिच्या भुकटीने वाफा तुंबतो, असं मॅडमनी बजावलं होतं. गाडी वाडीपर्यंत चढत नाही, तेव्हा पुरुषांनी घमेल्यांतून खडी वर आणली आणि आम्ही बायका ओळीने बसून ती धुवायला लागलो. ऊन कोवळं, हवेत पेंढ्याचा वास, समोर कशेडीच्या घाटात ट्रक रांगेने चढताना दिसताहेत, आणि आम्ही चाळणीत घालून दगड धुतोय. हसून हसून पुरेवाट. "माहेरी सांगू नको गो, सासऱ्यानं दगड धुवायला बसवलं म्हनून," असं एक म्हणाली. दुसरीने हातातला दगड उजेडात धरला आणि शेजारणीला विचारलं, "हा शिजला का बग." वन्संही रोज वर येत. खालच्या वाडीतून आणखी दोघी-तिघींना घेऊन येत. आमच्यापेक्षा दुप्पट खडी त्यांनी धुतली असेल. दुपारी सगळ्या जणी माझ्या घरचं पाणी घटाघटा प्यायच्या आणि वन्सं पदराने तोंड पुसून सावलीला बसायच्या.

कर्दळ प्रत्येकीच्या परसात होतीच, लाल, पिवळी, ठिपक्यांची. तिचे गड्डे आणले आणि ते लावायचं काम आबांनी कोणाला करू दिलं नाही. धोतर खोचून, कमरेत वाकून, भाताचं रोप लावावं तशी त्यांनी कर्दळ लावली. ओळ इतकी सरळ की मॅडमनी मोबाइलवर फोटो काढून घेतले. खडीतून पाणी कसं चाललंय ते बघायला आणि वाफ्यात हवा खेळायला मध्ये मध्ये पांढरे पाइप उभे केले होते. आबांनी त्यांच्याकडे थोडं संशयाने पाहिलं. शेतात पाइप उभा, हे त्यांना शोभेचं वाटेना.

मग थंडी आली आणि कर्दळ रुसली. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, मग पानंच्या पानं सुकून दांड्याला लोंबायला लागली. मॅडम फोनवर म्हणाल्या, "जरा दम धरा, नवीन जागा आहे, मुळं धरताहेत." दम धरणं आम्हाला जमलं, आबांना जमेना. ते सकाळी उठून आधी वाफ्यावर जायचे. चूळ भरायची तीसुद्धा तिथून आल्यावर. खालून निरोप यायचा, फेस गेला, वास आहे. पुढल्या आठवड्यात परत तेच, वास आहे. वन्सं वर यायच्या, पापड खायच्या, उतरून जायच्या.

माघ संपता संपता पोलादपूरला एक लग्न होतं. सगळी वाडी जीपमध्ये कोंबून गेली. आबा म्हणाले, गुडघा दुखतो, मी घर राखतो. आम्ही जेवून, नवरीला नावं ठेवून, मोगऱ्याचे गजरे माळून चार वाजता परतलो, तर रस्त्याच्या शेवटच्या वळणावरूनच धूर दिसला. चांगला, दाट, सरळ वर चढणारा. मुरलेल्या हाताने भाजलेल्या राबाचा धूर. जीपमधली एक म्हातारी कौतुकाने म्हणालीसुद्धा, "कोनाचा गो हा? बेस पेटलाय." आणि मग मला जागा ओळखू आली.

मी पळत पोचले तेव्हा वन्सं आधीच आलेल्या होत्या. खालून त्यांनाही धूर दिसला होता. त्या बांधावर बसल्या होत्या आणि हसत होत्या. हसत म्हणजे डोळ्यांतून पाणी, पोट धरलेलं, आवाज फुटत नाही, असं. शेजारी आबा हातात विझवायची डहाळी घेऊन उभे. तोंड काळं, भुवया करपलेल्या आणि चेहऱ्यावर काम मनासारखं झाल्याचं समाधान. त्यांनी सगळं रीतसर केलं होतं. खडीवर शेण पसरलं होतं, शेणावर डहाळ्या, डहाळ्यांवर पातेरा, वर माती, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने काडी. सगळा वाफा कडेपासून कडेपर्यंत एकसारखा भाजला होता. पांढऱ्या पाइपांनी माना टाकल्या होत्या. कडेचं प्लास्टिक आक्रसून काळं झालं होतं. कर्दळीच्या जागी राखेत काळे बुडखे तेवढे दिसत होते.

"आबा, हे काय केलंत?" मी म्हणाले.

"जल्मभर हितं भाजलंय मी," आबा म्हणाले. "भाजल्याबिगर ह्या जमिनीत काय उगवलं नाय कंदी. कर्दळ मान टाकून बसलेली. म्हटलं, उपाशी हाय."

वन्संचं हसणं पुन्हा उसळलं. मलाही आवरेना. इतक्या जणींनी धुतलेली खडी, ते चित्र, त्या सभा, आणि त्यावर हा खमंग भाजलेला राब. मग आबा खाली बघत, जरा हळू म्हणाले, "वच्छी पानी पीत नाय माझ्या घरचं."

वन्सं हसायच्या थांबल्या. उठल्या, पदराच्या टोकाने त्यांनी बापाचं तोंड पुसलं, कपाळ, गाल, भुवयांच्या जागा, सगळं. मला वाटलं, आता शपथ सुटली. मी घरात जाऊन तांब्या भरून आणला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं.

"नाय गो, नंदा," त्या म्हणाल्या. "आता सोडली तर म्हातारा ह्या वाफ्याकडं परत बघायचा नाय."

त्या गेल्या आणि मी तो तांब्या तुळशीला घातला.

रात्री ह्यांचा मुंबईहून फोन आला. बातमी त्यांच्या चाळीपर्यंत आधीच पोचली होती. "पाइप पूरा मेल्ट?" त्यांनी विचारलं. म्हटलं, पूरा. मग फोन दुसऱ्या कोणीतरी घेतला, कारण ह्यांना हसू आवरत नव्हतं.

मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. वाफ्यात उतरल्या, खडी बाजूला करून हात कोपरापर्यंत आत घातला. आम्ही सगळे बांधावर. आबा लांब आंब्याखाली, पाठ फिरवून. मॅडम म्हणाल्या, "आत ओलं आहे. खडीत पाणी होतं म्हणून वाचलंय. गड्डे जिवंत असतील, बघू. पण वरचे पाइप सगळे बदलावे लागतील, तोवर टाक्यातून एक थेंब पुढे सोडू नका. नाहीतर जाईल तो थेट झऱ्यात." मग त्या आंब्याखाली गेल्या आणि आबांशी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते दोघांनीही आजवर सांगितलेलं नाही. मात्र जाताना मॅडमच्या पिशवीत आमच्याकडचे तांदूळ होते.

पाइप यायला वेळ लागणार होता, आणि मध्ये शिमगा. शिमग्याला आमच्याकडे मुंबईची सगळी माणसं येतात. एरवी म्हाताऱ्यांची आणि बायकांची असलेली वाडी त्या दिवसांत माणसांनी फुलते आणि ती सगळी माणसं आंघोळ करतात. वाडीने ठरवलं की मोऱ्या बंद. धुणं, भांडी, आंघोळी, सगळं वाडीच्या पलीकडच्या अंगाला, सुक्या खाचरात, म्हणजे पाणी तिथेच मुरेल, झऱ्याच्या बाजूला येणार नाही. आणि मग काय सांगू त्या शिमग्याची शोभा. सकाळी सकाळी मुंबईचे बाप्ये खांद्यावर टॉवेल टाकून, बादली घेऊन, भाताच्या बुडख्यांतून वाट काढत चाललेत. एक जण मोबाइलवर साहेबाशी बोलतोय आणि डोक्याला शॅम्पूचा फेस. आमच्या शेजारच्या सुनेने मुंबईहून येऊन पहिल्याच दिवशी विचारलं, "बाथरूममध्ये प्रॉब्लेम काय आहे?" तिच्या सासूने तिला हाताला धरून बांधावर नेलं, खाली उंबराचं झाड दाखवलं आणि म्हणाली, "त्या झाडाखाली प्रॉब्लेम हाय." मग ती पोरगी रोज सगळ्यात आधी बादली उचलून निघायची.

पालखी आली त्या दिवशी तर कमाल झाली. पालखी दारात आली की घरच्या बाईने पालखीच्या मानकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं, ही आमची रीत. मानकरी खालच्या वाडीचे. मी तांब्या घेऊन वाकले आणि पाय धुतलेलं पाणी अंगणातून उताराला जाणार, हे ध्यानात आलं. मी आत ओरडून परात मागवली. मानकऱ्यांना परातीत उभं केलं. ढोल वाजताहेत, गुलाल उडतोय, देव खांद्यावर आणि खाली हे धिप्पाड गडी एक एक करून परातीत पाय देताहेत. त्यांतला एक हसून म्हणाला, "वैनी, देव बघतोय बरं." मी म्हटलं, देवच बघतोय, म्हणून तर. पुढच्या प्रत्येक दारात परात तयार होती.

शिमगा संपला, पाइप आले आणि ह्यांनी नि इतर मुंबईकरांनी रजा वाढवून ते बसवले. हात लावायची सवय गेलेली, त्यामुळे फोड आले, पण बसवले. आणि त्याच दिवसांत एका सकाळी आबा वाफ्यावरून आले ते चूळ भरायची विसरून सरळ स्वयंपाकघरात. मला म्हणाले, "चल." मी तशीच पिठाच्या हातांनी गेले. राखेतून, काळ्या बुडख्याच्या शेजारून, गुंडाळलेल्या पानाचा एक हिरवा कोंब वर आला होता. त्याच्या पलीकडे आणखी एक. आबा बांधावर टेकून बसले आणि मला "जा, तुझा तवा तापला असंल" असं म्हणाले.

त्यानंतर कर्दळ अशी फोफावली की विचारू नका. मॅडमचं म्हणणं, जुने दांडे गेले की कर्दळ जोमाने फुटतेच, आम्ही ते कापायचे असतात असं तुम्हाला सांगणारच होतो. आबांचं म्हणणं, राब भाजला म्हणून. ह्या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. मॅडम आल्या की दोघे पडवीत बसून तोच वाद परत पहिल्यापासून घालतात आणि मी चहा करून देते.

आता तिथे माणूसभर उंच लाल-पिवळी फुलं असतात. येणारे-जाणारे विचारतात, ही बाग कोणाची. हिरकणीवाडीला माझी मावसबहीण असते, गडावर येणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी करून वाढते. तिने ताटं धुतलेल्या पाण्यासाठी परवा फोनवर सगळी माहिती विचारून घेतली आणि शेवटी म्हणाली, "आणि ते भाजायचं कधी?" बातमी कुठवर गेली आहे बघा. दाढ आम्ही वरच्या तुकड्यात नेली. काल तिथला राब दुसऱ्यांनी भाजला. आबांना आता वाकवत नाही. ते कर्दळीच्या वाफ्यापाशी खुर्ची टाकून, ओला गोणपाट हातात घेऊन बसले होते. वरून ठिणगी उडून येईल म्हणून. कोणी बिडी ओढत जवळून गेला तरी हाकलत होते.

पण मी त्या वर्षाचं सांगत होते. चैत्र संपला, ऊन असह्य झालं. करवंदं पिकली, काजूच्या बोंडांचा उग्र गोड वास वाडीभर. झऱ्याचा वास गेल्याचं खालून कळलं, तरी वन्सं येऊन पापडच खात राहिल्या. नुसतं नाकाने सांगितलेलं त्यांना पुरत नव्हतं. मॅडमनी बाटलीतून झऱ्याचं पाणी तपासायला नेलं आणि एका सकाळी मला फोन करून सांगितलं, पाणी चांगलं आहे, प्या म्हणावं. तसाच फोन त्यांनी खालच्या वाडीतही केला असणार. मी धावत गोठ्यात जाऊन आबांना सांगितलं. ते "हूं" म्हणाले. शेण काढत राहिले.

दुपारी, अगदी भर उन्हात, वन्सं आल्या. डोक्यावर कळशी. त्या वयात, त्या चढणीने, भरलेली कळशी. मी उतरवून घ्यायला पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि सरळ गोठ्याच्या दाराशी गेल्या.

"आबा, भाईर या."

आबा बाहेर आले. हात शेणाचे. वन्संनी कळशी कलती केली आणि आधी त्यांचे हात धुतले, मग म्हणाल्या, "धरा वंजळ." आबांनी ओंजळ धरली. झऱ्याचं पाणी त्यांनी वाकून प्यायलं, परत ओंजळ धरली, परत प्यायलं.

"गोडा हाय," ते म्हणाले.

वन्सं माझ्याकडे वळल्या. ओठ सुकलेले, चेहरा लाल झालेला, केसांतून घामाच्या धारा.

"आन गो, नंदा, पानी."

मी तांब्या आणला. भांडं आणायचंही मला सुचलं नाही. त्यांनी तो तसाच तोंडाला लावला. पहिला तांब्या संपला, मी दुसरा दिला, तोही संपत आला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, चोळीवर ओघळत होतं आणि त्या थांबत नव्हत्या. एक अख्खं वर्ष त्या माहेरी तहानलेल्या येत होत्या, हे मला तेव्हा खरं कळलं. मी तिसरा भरायला आत वळले आणि पाठीमागून आबांचा आवाज आला, वन्सं परकरात असताना ते जसे बोलत असतील तसा.

"सावकाश पी गो, वच्छे. ठसका लागंल."